महिला शास्त्रज्ञाची बातमी कशी लिहावी

महिला शास्त्रज्ञाची बातमी संशोधनापासून सुरू करू नये. आधी मुलेबाळे, मग सासरच्यांची खंबीर साथ, मग साडी. संशोधन शेवटच्या परिच्छेदात घ्यावे, म्हणजे ऐनवेळी जाहिरात आली तर तोच कापता येतो.

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बातमीदाराला हे जरा जड जाते. कांद्याच्या लिलावाची बातमी देताना तो गोण्यांची आवक, एक नंबरचा भाव, गोल्टीचा भाव असे सगळे चोख लिहितो आणि शेतकऱ्याच्या घरी भाकऱ्या कोण थापते हे विचारत नाही. ही सवय मोडावी. सरावाला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, 2020च्या पद्मश्री राहीबाई पोपेरे घ्याव्यात. ‘शाळेची पायरी न चढलेली आजी’ एवढ्यावर मथळा भागतो. वालाचे गावठी बी निवडायचे कसे, टिकवायचे कसे, हे त्यांना विचारू नये. त्या सांगत बसतील.

बाळंतपण मिळाले तर सोनेच. पुण्याच्या मायलॅबमधील मीनल दाखवे-भोसले यांनी 18 मार्च 2020 रोजी करोना चाचणीचा संच तपासणीसाठी सादर केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. बातमी तिथेच संपवावी. आयात संचाला सहा-सात तास लागत आणि हा अडीच तासांत निकाल देई, एकच नमुना दहादा तपासला तर दहाही उत्तरे सारखी यावी लागतात, हा तपशील वाचकाला झेपत नाही असे समजावे.

शास्त्रज्ञ दिवंगत असल्यास एखादा थोर पुरुष हाताशी लागतो. कमला सोहोनी यांना 1933 मध्ये सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. प्रसंग खरा आहे, त्यामुळे फारच सोयीचा. तो तीन परिच्छेद रंगवावा, दुर्गा भागवतांची बहीण हेही सांगावे. वनस्पतींतील सायटोक्रोम सी, 1939ची केंब्रिजची पीएचडी आणि नीरेच्या पोषणमूल्यांवरचे काम ‘तसेच’ने सुरू होणाऱ्या एका वाक्यात उरकावे. ही रीत जुनी आहे: 1964 मध्ये डोरोथी हॉजकिन यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा एका ब्रिटिश दैनिकाने ते ऑक्सफर्डच्या गृहिणीला देऊन टाकले.

छायाचित्रात गजरा हवाच. सप्टेंबर 2014 मध्ये मंगळयान कक्षेत पोचल्यावर साड्या नेसलेल्या, आनंदाने एकमेकींना भेटणाऱ्या महिलांचे छायाचित्र ‘महिला शास्त्रज्ञ’ म्हणून जगभर गेले. त्या प्रशासकीय कर्मचारी असल्याचे इस्रोने नंतर स्पष्ट केले. मोहिमेच्या संचालनाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांत रितू करिधल आणि नंदिनी हरिनाथ होत्या.