राहतो, सबब सवलत

पुणेकराला स्वतःच्या घरात स्वतःच राहण्याबद्दल मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. ती १९७० पासूनची. मध्यंतरी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत गेली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती मोठ्या मनाने परत केली. पुणेकराने आभार मानले. मनातल्या मनात, उघड मानायची इथे पद्धत नाही.

पण सवलत हवी तर पीटी-३ अर्ज भरा, २५ रुपये शुल्क द्या, सोसायटीचे पत्र आणा, शिवाय मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्ड जोडा. वर्षानुवर्षे एकाच खिडकीतून ‘इथे गाडी लावू नका’ असे ओरडणारा गृहस्थ तिथेच राहतो, हे साऱ्या गल्लीला पाठ असते. गल्लीची साक्ष मात्र अर्जाला जोडता येत नाही. त्याला सेक्रेटरीची सही लागते, आणि सेक्रेटरी म्हणजे नेमका तोच, ज्याच्याशी पार्किंगवरून बोलणे बंद आहे.

आकारणीच चुकली असे वाटले, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांपुढे अपील करता येते. अट एवढीच, की जी रक्कम देणे लागत नाही असे आपले म्हणणे आहे, ती आधी भरायची.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करच माफ. मोजायचे ते चटई क्षेत्रफळ. त्यामुळे ५१० फूटवाले सध्या आतून भिंती जाड करायला किती खर्च येईल, याची चौकशी करत असावेत.