भजीच्या कागदावरचं धोरण

भिवंडी हे गाव आमच्या वडिलांना यंत्रमागाच्या खडखडाटामुळे माहीत होतं. आमच्या पिढीला ते मोबाइलवरच्या एका ओळीमुळे माहीत आहे : ‘आपलं पार्सल भिवंडी केंद्रात पोचलं आहे.’ ही ओळ एकदा उमटली की हलत नाही. माझं मिक्सरचं भांडं चार दिवस भिवंडीत मुक्कामाला होतं. एवढे दिवस आमच्याकडे पाहुणासुद्धा राहत नाही. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, ‘आपला बाळू तिथेच कुठेतरी कामाला आहे ना? जाऊन बघा तरी.’

बाळू माझा भाचा. बी. कॉम. आहे, पण हे त्याने गोदामात कुणाला सांगितलेलं नाही. तिथल्या निम्म्या पोरांनी सांगितलेलं नाही.

मानकोली नाक्यावर उतरून शेअर रिक्षा धरली. दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं, आणि मध्येच कुणीतरी विकायचं विसरून गेल्यासारखं एखादं भाताचं खाचर. एके काळी मुंबईची जकात वाचवायची म्हणून व्यापारी वेशीबाहेर माल उतरवू लागले. इथं नुसत्या ग्रामपंचायती, जागा स्वस्त, महामार्ग दाराशी आणि न्हावा-शेव्याचं बंदरही फार लांब नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. जकात नाक्यावरून माणसांकडे सरकली असावी, असा मला संशय आहे.

बाळूची पाळी सुटायला तासभर होता, म्हणून गेटसमोरच्या टपरीवर कांदाभजी घेतली. भजी संपल्यावर खालचा कागद वाचायची मला जुनी खोड आहे. बहुतेक वेळा तो दहावीचा इतिहास निघतो. या वेळी वर ठळक अक्षरांत ‘परिवारातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की’ असं निघालं. टपरीवाला म्हणाला, ‘समोरच्या गोदामातल्या फलकाचे कागद आहेत. दर सोमवारी मॅडम नवे लावतात, जुने साफसफाईवाला मला आणून देतो. जाड असतात, तेल पीत नाहीत.’ मी आणखी एक प्लेट सांगितली, फक्त कागदासाठी.

दुसऱ्या प्लेटखाली आरोग्य सप्ताह होता. निरोगी राहायचं असेल तर रोज दहा हजार पावलं चाला, लिफ्टऐवजी जिना वापरा, दर तासाला खुर्चीतून उठून हातपाय ताणा. यातला दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून जगभर पसरला. तो इथं भिवंडीत, दिवसभर रॅकच्या गल्ल्यांतून पळणाऱ्या पोरांना चालायचं महत्त्व पटवायला येऊन पोचला होता. खुर्चीतून उठा हा सल्ला तर मला फारच आवडला. बाळू नंतर म्हणाला, ‘मामा, आमच्या मजल्यावर खुर्ची एकच आहे. सुपरवायझरची. तिला पण चाकं आहेत.’ केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्यात लिहून दिला. आपल्याकडे सध्या उठायचा सल्ला मिळतो, बसायचं नंतर बघू.

बाळू आला तो घामाने भिजलेला. वर पत्रा, आत उंचच उंच रॅक, वारा फक्त ट्रकच्या दारातून येणारा. मी त्याच्यापुढे तिसरा कागद ठेवला. त्यावर उन्हाळ्यासाठीच्या दोन सूचना एकाखाली एक छापल्या होत्या. पहिलीत, उष्माघात टाळण्यासाठी भरपूर पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. दुसरीत, प्रसाधनगृहाचा अनावश्यक वापर टाळा, जागेवर नसल्याची वेळ यंत्रात नोंदली जाते. दोन्हींखाली सही एकाच मॅडमची. मी बाळूला विचारलं, ‘मग तू काय करतोस?’ तो म्हणाला, ‘मी एक दिवस पहिली पाळतो, एक दिवस दुसरी.’

हसू नका. मे २०२४ मध्ये हरियाणात, मानेसरच्या एका गोदामात, चोवीस फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाण्याला आणि लघवीला जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची बातमी आली होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. आपल्याकडे शपथा कसल्या कसल्या झाल्या! भीष्माने राज्याची घेतली, शिवबाने रोहिडेश्वरावर स्वराज्याची घेतली. मूत्राशयाची घ्यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

‘यंत्रात नोंदली जाते’ म्हणजे काय, हे बाळूने हाताला पट्ट्याने बांधायच्या स्कॅनरची खूण करून सांगितलं. तो स्कॅनर पुढची वस्तू कुठल्या गल्लीत, कितव्या फळीवर आहे ते दाखवतो आणि सेकंद मोजत बसतो. काही वेळ काही स्कॅन झालं नाही की वर कळतं. मी म्हटलं, ‘वर म्हणजे कुणाला?’ बाळूला ठाऊक नव्हतं. पूर्वी वर म्हटलं की देव असायचा, त्याला नवस तरी बोलता यायचा.

आता फलकातला सगळ्यात गोड शब्द, ‘परिवार’. प्रत्येक कागदावर तो दोनतीनदा होताच. मला वाटलं, बाळूला बरं वाटत असेल. बाळूने गळ्यातली पट्टी दाखवली. नारिंगी. ‘निळ्या पट्टीवाले कंपनीच्या रोलवर. नारिंगीवाले ठेकेदाराचे.’ निळे किती? त्याने एका हाताची बोटं मोजली, दुसऱ्या हाताची थोडी मोजली आणि थांबला. बाकी सगळं गोदाम नारिंगी. म्हणजे फलक ज्या परिवाराला उद्देशून असतो तो वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसतो आणि फलक लावलेला असतो खाली, ट्रकच्या दाराशी.

याचा उलगडा सुरक्षेच्या पाटीने झाला. गेटवरच मोठी पाटी आहे, ‘अपघाताविना सलग दिवस’, पुढे तीन आकडी संख्या. मी कौतुक केलं, तर बाळूने शांतपणे सांगितलं की मागच्या महिन्यात डॉकवर एकाची दोन बोटं पॅलेटखाली चिरडली. मग आकडा शून्यावर का आला नाही? ‘तो आमच्या रोलवर नव्हता, असं म्हणाले.’ म्हणजे बोटं गेली, पण गोदामात गेली नाहीत. ठेकेदाराच्या ऑफिसात गेली असतील. ठेकेदाराचं ऑफिस कुठे आहे, तेही बाळूला ठाऊक नव्हतं. ठेकेदाराचा फक्त व्हॉट्सॲप नंबर आहे.

इथं मला हमालांचे पुढारी अण्णासाहेब पाटील यांची आठवण झाली, आणि वयामुळे थोडं भाषण झालं. मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणाऱ्यांची हीच गोची होती. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. मालक विचारला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. म्हणून १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी द्यायची. मालक ठरत नसेल तर भांडत बसू नका, पैसे मंडळात टाका, इतका तो साधा आणि भन्नाट विचार होता. पुढे त्यात नको ते लोक घुसले, माल चढवा-उतरवायच्या वाराईच्या नावाने दमदाट्या झाल्या, हेही खरं. पण त्या कायद्याला हमाल म्हणजे कोण, ते नीट कळत होतं.

बाळू ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘मामा, पण मी हमाल नाही. मी असोसिएट आहे.’

बघा, केवढी सोय झाली! खोकं तेच, पाठ तीच, मानेला बसणारा झटकाही तोच, फक्त नाव बदललं आणि माणूस हमालाच्या व्याख्येतून अलगद उचलून बाहेर ठेवला गेला. या कामाला फोर्कलिफ्टही लागली नाही.

चौथा कागद पाळीच्या वेळांबद्दल होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे नऊ तास बारापर्यंत आणि दुकानांत नऊचे दहापर्यंत न्यायला मंजुरी दिली. कारखान्यात तिमाहीच्या जादा तासांची मर्यादाही ११५ वरून १४४ वर. मी बाळूला विचारलं, गोदाम हे दुकान की कारखाना? तो म्हणाला, ‘आत घड्याळ नाही.’ उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण समाधानकारक होतं. कागदावर पुढे लिहिलं होतं, ‘जादा कामाचा मोबदला’ आणि त्यानंतर भज्याच्या तेलाचा गोल डाग. डागाच्या पलीकडे ‘दराने अदा केला जाईल’. कायदा म्हणतो दुप्पट. बाळूला डागापुरतं मिळतं. टपरीवाल्याचा कागद तेल पीत नाही, पण नेमकं तेवढंच प्यायला होता.

झडतीबद्दल कागद सापडला नाही, ते मी डोळ्यांनीच बघितलं. बाहेर पडणाऱ्यांची रांग, एकेकाचे खिसे, मोजे, डबा तपासणं, अर्धा तास सहज. मजा अशी की सकाळी येताना आधी झडती आणि मग हजेरीचं बोट. संध्याकाळी जाताना आधी हजेरीचं बोट आणि मग झडती. म्हणजे दोन्ही रांगा बाळूच्या स्वतःच्या वेळेत. ज्याने कुणी हे जमवलं त्याला मी प्रत्यक्ष भेटलो तर नमस्कार करीन, लांबून.

शेवटचा कागद तक्रार निवारणाचा होता आणि तो रंगीत होता. ‘तुमचा आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे’, खाली चौकोनी ठिपक्यांचा कोड, मोबाइलने स्कॅन करा आणि तक्रार नोंदवा. मी म्हटलं, हे चांगलं केलं. बाळूने खिसा उलटा करून दाखवला. मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, आत नेला तर दंड. ‘मग आज केलीस का? कागद आता बाहेर आलाय, मोबाइलही हातात आहे.’ बाळूने तिथेच, टपरीवर, भजीच्या कागदावरचा कोड स्कॅन केला. पान उघडलं. पहिला रकाना : कर्मचारी क्रमांक. नारिंगी पट्टीवर तो नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने एकोणतीस कायदे त्यांत गेले आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं असं ठरलं. बाळूकडे नेमणूकपत्र आहे का, हे मी विचारलं. त्याने अभिमानाने व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. ठेकेदाराचा निरोप होता : ‘उद्या ७ ला ये. बूट घालून.’ खाली हात जोडल्याचं चित्र.

तेवढ्यात सौ.चा फोन आला. मिक्सरचं भांडं घरी पोचलं होतं. मी भिवंडीला पोचलो तेव्हाच ते तिथून निघालेलं असणार. खोक्यावर ‘काळजीपूर्वक हाताळा’ असं छापलंय म्हणाली, दोन ठिकाणी.

निघताना बाळू लाजत म्हणाला, ‘मामा, या महिन्याचा मानकरी म्हणून फलकावर माझा फोटो लागलाय.’ मला आनंद झाला. सगळ्यात जास्त वस्तू त्याने उचलल्या होत्या; दिवाळीच्या सेलमध्ये, रजा रद्द असताना. बक्षीस म्हणून प्रमाणपत्र होतं, त्यावर नाव ‘बाळू’ एवढंच, आडनाव निळ्यांपुरतं. त्या कागदावरची भजी मात्र मी खाणार नाही, असं मी टपरीवाल्याला बजावून आलो.

ठेकेदाराचं कंत्राट २८ तारखेला संपलं. २९ ला सकाळी सातला बाळू बूट घालून गेटवर गेला, तेव्हा त्याचा पास चालला नाही. फलकावरचा त्याचा फोटो सोमवारपर्यंत होता.