55 मिनिटांचा सराफा

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा नियम इंदूरच्या छत्रीबागेतल्या काकांना तोंडपाठ: दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत जेवायचं आणि रोज 45 मिनिटं चालायचं. पहिलं जेवण पोहे-जिलबी, वर शेव नि जिरावण. दुसरं सराफ्यात, सोन्याची दुकानं बंद झाल्यावर: भुट्ट्याचा कीस, गराडू, ताटलीभर पसरलेला जलेबा. सगळं घड्याळ लावून! चालणंही होतंच, या ठेल्यावरून त्या ठेल्यावर.

2005 मध्ये अमेरिकेत 160 जणांवर चार गाजलेले आहार वर्षभर तपासले गेले. वजन उतरलं ते आहाराच्या नावानं नाही, तो नेटानं पाळल्यानं. काका खूश: "आमचा सराफा कधी चुकलाय?"

खरंच नाही. वजनानंही तेवढीच निष्ठा दाखवलीय.