चादरी, फज आणि परस्परसामंजस्य

अमेरिकेच्या समुद्रकिनारी हॉटेलातल्या चादरी बदलणे ही सांस्कृतिक देवाणघेवाण आहे. हे मत कोणा टवाळाचे नसून अमेरिकी सरकारचे आहे. 1961 च्या फुलब्राइट-हेज कायद्याने परदेशी लोकांशी सामंजस्य वाढवायचे ठरवले आणि ‘समर वर्क ट्रॅव्हल’ ही योजना त्याच कायद्याच्या छत्राखाली चालते. परदेशी महाविद्यालयात पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातून जे-1 व्हिसा मिळतो आणि सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने काम करता येते. योजना परराष्ट्र खात्याकडे आहे, कामगार खात्याकडे नाही. संस्कृतीत कामगारांचे काय काम?

ऊसतोडीत मुकादम हंगामाआधी मजुराला उचल देतो. या योजनेत ती रीत सुधारून घेतली आहे, म्हणजे उचल मजूरच देतो. प्रायोजक संस्थेचे शुल्क, व्हिसा, विमा आणि विमानाचे तिकीट असा सगळा खर्च आधी घरून होतो, आणि मग तो फेडण्यासाठी विद्यार्थी संस्कृतीकडे वळतो. बल्गेरिया, रुमानिया, तुर्कस्तान, जमैका, थायलंड इथून मुले येतात. आयर्लंडमध्ये तर एक उन्हाळा ‘जे-वन’वर काढल्याशिवाय कॉलेज झाल्यासारखे वाटत नाही.

संस्कृतीची केंद्रे ठरलेली आहेत. मेरीलँडचे ओशन सिटी, मॅसॅच्युसेट्सचे केप कॉड, विस्कॉन्सिन डेल्सचे वॉटर पार्क, मोटारींना बंदी असलेले मॅकिनॅक बेट. तिथे खोल्या झाडणे, भांडी विसळणे, फज ही मिठाई विकणे, पोहणाऱ्यांवर नजर ठेवणे असे अभ्यासक्रम असतात. मोबदल्याचा तळ संघराज्याच्या किमान वेतनाने ठरतो. ते ताशी 7.25 डॉलर असून 2009 पासून जागचे हललेले नाही. अनेक राज्यांत दर बराच वर आहे. शिवाय या पाहुण्यांच्या पगारावर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा कर लागत नाही, त्यामुळे मालकाचा 7.65 टक्क्यांचा वाटा वाचतो. सामंजस्य इतके स्वस्त दुसरीकडे मिळणे कठीण.

निवासाची सोय बऱ्याचदा मालकच करतो आणि भाडे पगारातून कापतो. एका खोलीत चार देश झोपतात. देवाणघेवाण खरी होते ती इथेच: तुर्की मुलाला थाई जेवणाची गोडी लागते, बल्गेरियन मुलगी जमैकन शिव्या शिकते. या वर्गात अमेरिकन माणूस मात्र सहसा हजर नसतो.

ही त्रुटी 2011 च्या ऑगस्टमध्ये जगजाहीर झाली. पेनसिल्व्हेनियात हर्शी चॉकलेटच्या एका गोदामात विद्यार्थ्यांनी काम थांबवून मोर्चा काढला. जड पेट्या, रात्रपाळी आणि भाडे कापून हातात उरणारी चिल्लर अशी त्यांची तक्रार होती. कंपनी म्हणाली, गोदाम आम्ही चालवत नाही. ते खरेच होते. ते दुसरी कंपनी चालवत होती, मुले तिसरी पुरवत होती आणि व्हिसाची सोय चौथ्या संस्थेने केली होती. पुढे कामगार खात्याला अखेर संस्कृतीत लक्ष घालावे लागले आणि हजाराहून अधिक विद्यार्थ्यांची दोन लाख डॉलरहून जास्त थकीत मजुरी वसूल झाली.

मोर्चानंतर परराष्ट्र खातेही जागे झाले. 2008 च्या सुमारास दीड लाखापर्यंत गेलेली वार्षिक संख्या 1,09,000 वर रोखण्यात आली. 2012 च्या नियमांनी गोदामे, कारखाने, शेती, बांधकाम आणि फिरत्या जत्रा संस्कृतीच्या यादीतून वगळल्या. मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत चालणारी कामेही वर्ज्य ठरली. कामावर अमेरिकन नागरिकांशी नियमित संपर्क आला पाहिजे, असेही कलम घातले गेले. हॉटेलात तो येतोच. त्यांच्या चादरींशी तर रोज येतो.

योजनेच्या स्वरूपाबद्दल कोणाला शंका उरली असेल, तर ती 2020 च्या जूनमध्ये फिटली. राष्ट्राध्यक्षांनी हे व्हिसा स्थगित केले आणि कारण दिले ते अमेरिकनांच्या रोजगारावर येणाऱ्या संकटाचे. संस्कृतीवर संकट आल्याचे कुठे म्हटलेले नव्हते.

नावातला ‘ट्रॅव्हल’ शेवटी येतो. काम संपल्यावर 30 दिवस देशात फिरता येते, कमावता येत नाही. विद्यार्थी न्यू यॉर्क पाहतो, जमल्यास नायगारा पाहतो, आणि उचल फिटून काही उरलेच असेल तर तेही तिथे संपवून वर्गात परततो. हंगाम मात्र रिकामा राहत नाही. दक्षिण गोलार्धात उन्हाळ्याची सुट्टी डिसेंबरात लागते, तेव्हा पेरू आणि अर्जेंटिनाची मुले कोलोरॅडोच्या स्कीइंग रिसॉर्टांत दाखल होतात. तिथेही चादरी असतात.