कमी चाललेली गाडी

यवतमाळात आर्णी रोडकडची कुठलीही जुनी कॉलनी घ्या. टिनाच्या शेडखाली ताडपत्री पांघरलेली एक डिझेल इंडिका तिथं सापडेलच, आणि तिच्यामागे एक भाऊसाहेब. नोकरीतून निवृत्त, मुलगा पुण्यात, गाडी एमएच 29 पासिंगची. ते ती विकत नाहीत आणि चालवतही नाहीत. कुणी मागितली तर ‘बॅटरी उतरली हाय’ हे उत्तर तयार असतं. बॅटरी बारा महिने उतरलेलीच असल्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

गाडी किती जुनी, असं विचारलं की भाऊसाहेब साल सांगत नाहीत, किलोमीटर सांगतात. ‘फक्त 42 हजार चालली. सिंगल हँड!’ हाच न्याय लावला तर भाऊसाहेबांना अजून नोकरीच लागायची आहे. तेही फारसे चाललेले नाहीत.

गाडीचा खरा थाट दसऱ्याला. ताडपत्री निघते, धुणं-पुसणं होतं, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू जातं. गाडी सुरू करायची नसते, म्हणून शेजारची चार पोरं ढकलून लिंबू फोडतात. सोनं वाटून झालं की ताडपत्री परत अंगावर.

एखाद्या उन्हाळ्यात मात्र पुसदचं लग्न निघतं. पारा 45 अंशांना टेकलेला, एसटीला गर्दी, आणि भाऊसाहेबांना गाडी आठवते. नवी बॅटरी येते, चाकांत हवा भरली जाते. ते चावी फिरवणार, तोच गॅरेजवाला पोरगा हात धरतो.

‘थांबा काका, आधी टायमिंग बेल्ट पाहू द्या.’

‘त्याले काय झालं? 50 हजारही नाही झाले अजून!’

‘बेल्ट रबराचा हाय, काका. तो किलोमीटर नाही, उन्हाळे मोजते. रबरी चप्पल चार वर्षं गच्चीवर ठेवून पाहा ना.’

भाऊसाहेब शेवटचं अस्त्र काढतात. ‘आपल्या शकुंतला रेल्वेचं इंजिन मँचेस्टरचं, 1921 चं. 1994 पर्यंत मूर्तिजापूरची गाडी ओढली त्यानं!’

‘ओढली ना, काका. पण त्याले रबराचा बेल्ट नव्हता.’

वरचं कव्हर निघतं. भाऊसाहेब चष्मा सावरून वाकतात आणि निकाल देतात, ‘चांगला तर दिसते!’ इथंच घोटाळा होतो. भेगा, तुटलेले दात, सुटलेले धागे, तेलाचा डाग दिसला तर बेल्ट गेलाच. पण वरून धड दिसणाराही आतल्या दोऱ्यांनी कमजोर झालेला असू शकतो. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ हाच बेल्ट ठेवतो. अशा डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा जेमतेम असते. बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, आणि खर्चाचा आकडा ऐकून मालकही वाकतो.

तेव्हा समस्त भाऊसाहेबांना एवढंच सांगणं: बेल्ट किती वर्षांचा आहे हे आठवत नसेल, तर तो पाहत बसू नका, बदला, सोबत टेन्शनरही. नवा बसल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायला सांगा, खुणा जुळल्या की मगच चावी लावा. आणि लग्न उद्यावर आलं असेल, तर मुकाट्यानं एसटीनं जा.