वेदियाची बाजू

गुजरातीत ‘वेदिया’ असा एक शब्द आहे. लिहिलेल्या अक्षराला धरून बसणारा आणि त्यापायी चालत्या कामाला खीळ घालणारा माणूस म्हणजे वेदिया. मराठीत काटेकोर, हेकट आणि खुळा हे तिन्ही शब्द एकत्र केले तर तो अर्थ जमतो. बडोद्याजवळच्या पादऱ्यात मला हा शब्द पस्तीस वर्षांपूर्वी लागला, वकिलांच्या अर्ज-दाव्यांचे टायपिंग मी टाइपरायटरवरून संगणकावर आणले तेव्हा. तो आजही सुटलेला नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. ज्याला सगळे खुळेपण म्हणतात त्याची बाजू मांडायला मी बसलो आहे आणि ती मनापासून मांडणार आहे.

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन आला. बडोद्याला कॉलेजात जातो, हुशार आहे. ‘काका, चालू करून द्या’ म्हणाला. पडद्यावर अटींचे पान आले आणि त्याचे बोट ‘मान्य’कडे गेले. मी त्याचा हात धरला, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. तो म्हणाला, ‘काका, आटलुं बधुं कोण वांचे?’ मी वाचतो. आम्ही पाऊण तास वाचले. चहा दोनदा आला.

त्या पाऊण तासात त्याला तीन गोष्टी कळल्या. एक, आपण सॉफ्टवेअर विकत घेतलेले नाही, वापरायची परवानगी तेवढी घेतली आहे. दोन, ते ‘जसे आहे तसे’ दिलेले आहे. तीन, त्याने काही बिघडले तर भरपाईला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा त्यांनीच ठरवलेली आहे. ‘मग वडिलांनी पैसे भरले ते कशाचे?’ असे त्याने विचारले. माझ्या मते हा प्रश्न त्या लॅपटॉपवर झालेले पहिले खरे काम होते. साधारण अशाच अटी आपण सगळे महिन्यातून दहा वेळा मान्य करतो. घर भाड्याने घेताना अकरा महिन्यांचा करार दोनदा वाचणारी माणसे इथे एक ओळही वाचत नाहीत. ती आळशी नाहीत. त्यांना सांगितले गेले आहे की वाचणे खुळेपणाचे आहे. शिवाय तो मजकूर त्यांच्या भाषेत नाही.

भाषेचे मला जास्त लागते, कारण आमचे घर गायकवाडी नोकरीने इकडे आले. गायकवाडांच्या बडोदा संस्थानात राजाने १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले. आणि १९३१ मध्ये बडोद्यात ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ नावाचा कोश छापला गेला. राज्यकारभारातले आणि कायद्यातले शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेले. त्या काळीही कुणी म्हणाले असेल की एका संस्थानाला हा खटाटोप कशाला. मला तो खटाटोप थोर वाटतो. ज्या माणसाला आपण वाचायला शिकवले त्याला त्याच्यावर चालणारा कायदा वाचता आला पाहिजे, एवढे साधे त्यामागे आहे. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिले आहे की संमती मागताना माणसाला तो मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. म्हणजे बावीस भाषा, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आल्या. हे वाक्य कायद्यात असताना जो ‘मला मराठीत दाखवा’ असा हट्ट धरत नाही, तो आपला हक्क आपणच गाडतो आहे. मी हट्ट धरतो. काउंटरवरची माणसे वैतागतात. वैतागू देत.

दुसरे खुळेपण फुकटच्या कॉपीबद्दलचे. नव्वदच्या दशकात संगणक जोडून देणारा माणूस सगळी सॉफ्टवेअरे ‘टाकून’ द्यायचा, वर बिलात त्याचा उल्लेख नसायचा. कायदा तेव्हाही झोपलेला नव्हता. संगणकाचा प्रोग्राम १९८४ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे साहित्यकृती धरला जातो, आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब सांगते की चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. मी ते कलम वकीलसाहेबांच्याच पुस्तकात वाचले आणि त्यांच्याच संगणकावर चोरीची प्रत होती. मी ती काढून टाकायला सांगितली. विकत घेण्याची माझी ऐपत नव्हती, त्यांची इच्छा नव्हती. मग एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स शिकलो, रात्री, तीन महिने. त्या सॉफ्टवेअरचा परवाना वाचताना मला पहिल्यांदा वाटले की समोरचा माणूस मला ग्राहक न समजता शेजारी समजतो आहे. वापर, उघडून बघ, दुरुस्त कर, दुसऱ्याला दे. फक्त देताना त्यालाही हीच मोकळीक दे. त्या परवान्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती मी छापून भिंतीला लावली होती. लोक तिथे देवाचे कॅलेंडर लावतात.

मोकळिकीची किंमत मला कळली ती मराठी मंडळाच्या दप्तरामुळे. आमच्या मंडळाची इतिवृत्ते आणि गणेशोत्सवाचे हिशेब १९९४ पासून मी टाइप करत होतो. तेव्हा मराठीचा एक पक्का संकेत कुणाच्या हातात नव्हता. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, आत अक्षरांची जागा वेगळी, आणि संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागेत एक लॉक खोचलेले असल्याशिवाय प्रोग्राम उघडायचा नाही. ते लॉक एका पावसाळ्यात गेले. विकणाऱ्याने सांगितले, ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. नवीत जुन्या फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि चिन्हे यांचा चिवडा. बारा वर्षांचे दप्तर आमचे होते, कागद आमचा होता, घाम आमचा होता, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

ते सगळे मी युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या संकेतात आणले. दोन वर्षे लागली. एक तक्ता करायचा, या चिन्हाच्या जागी हे अक्षर, आणि पानामागून पान ताडून बघायचे. सर्वांत जास्त रडवले ते ‘ऱ्य’ने. मराठीतला हा अर्धा र हिंदीवाल्यांना लागत नाही, त्यामुळे तक्ता करताना तो सहज सुटतो आणि त्याच्या जागी रफार बसतो. आमच्या गावाचे नावच त्यात सापडले. ‘पादऱ्यात’ लिहिले होते तिथे ‘पादर्यात’ झाले. त्याहून वाईट हिशेबाच्या पानावर झाले. जेवणावळीला ‘आचाऱ्यांना दिले’ अशी ओळ होती, ती ‘आचार्यांना दिले’ झाली. पैसे स्वयंपाक्याला दिले की गुरुजींना, हे एका रेघेवर आले. ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घ्यायचे, त्याला हलन्त द्यायचा आणि मग ‘य’, हे समजल्यावर सगळ्या फायली मी पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. मंडळातले लोक म्हणाले, अर्थ कळतो आहे ना, जाऊ द्या. मी जाऊ दिले नाही. पडद्यावर मंगल फाँटमध्ये ‘पादऱ्यात’ बरोबर उमटले तेव्हा मला र. कृ. जोशींची आठवण झाली, तो फाँट त्यांच्या हातचा. अक्षराच्या वळणासाठी आयुष्य घालवणारा माणूस. जगाच्या हिशेबात तोही वेदियाच.

आणि हे सगळे करताना लोक मला घाबरवत होते की दुसऱ्याचा प्रोग्राम असा उघडून बघणे बेकायदा आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कुणी वाचलेले नव्हते. ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आहे त्याला नुकसान होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. तो कसा चालतो हे निरखता आणि अभ्यासता येते. आपला प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती मिळवताही येते. कायद्याने ही दारे उघडी ठेवलेली आहेत. पेटंटच्या बाबतीतही तेच. १९७० च्या कायद्याचे कलम ३ निव्वळ संगणक प्रोग्रामला शोध मानत नाही. २००४ च्या अखेरीस एका वटहुकुमाने त्यात फट पाडायचा प्रयत्न झाला, आणि २००५ मध्ये संसदेने ती फट ठेवली नाही. त्या वेळी वटहुकुमाविरुद्ध पत्रे लिहिणाऱ्यांना ‘तुम्हाला काय करायचे आहे’ असे विचारले गेले होते. आज आपल्याकडे एखादा मुलगा खोलीत बसून प्रोग्राम लिहितो आणि निव्वळ त्या प्रोग्रामवर कुणी पेटंट सांगून त्याच्या दारात येत नाही, त्यात त्या पत्रांचाही वाटा आहे असे मी मानतो.

सगळ्यांत खुळा प्रश्न कचेरीत विचारायचा असतो: साहेब, हे कलम जिवंत आहे का? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम पालघरच्या दोन मुलींच्या अटकेमुळे २०१२ मध्ये घराघरात पोचले. एका फेसबुक पोस्टसाठी ती अटक होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. त्यानंतरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. साडेसात वर्षे. दर वेळी कुणीतरी पुस्तक उघडायला हवे होते, आणि पुस्तक उघडणारा माणूस कामात अडथळा ठरत होता.

माझ्याकडे अजूनही लोक व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घेऊन येतात. उसने दिलेल्या पैशांचे, जमिनीच्या बोलण्याचे. ‘आ जुओ काका, पुरावो छे ने!’ मी त्यांना जालन्याचे प्रकरण सांगतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला की नंतर, यावर वाद होता आणि निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. ते प्रकरण, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नाही तर ठरलेले प्रमाणपत्र हवेच, आणि ते द्यायला कुणी नकार दिला तर न्यायालयाकडे मागता येते. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ बरोबरच्या प्रमाणपत्रात आता फाइलचे हॅश लिहावे लागते.

हॅश म्हणजे काय हे मी शेजारच्या मुलाला करून दाखवले. एका फाइलमध्ये ‘पैसे दिले’ एवढे दोन शब्द लिहिले. आज्ञा दिली. आकडे आणि अक्षरे मिळून चौसष्ट खुणांची एक ओळ आली. ती त्याने वहीत उतरवून घेतली. मग फाइलमधला ‘दिले’चा ‘दिला’ केला. तीच आज्ञा. ओळ पूर्ण बदलली, ओळखीची एकही जागा राहिली नाही. तो बराच वेळ दोन ओळींवर बोट ठेवून बघत होता. मी महत्त्वाच्या प्रत्येक फाइलचा हॅश २०१० पासून वहीत शाईने लिहून ठेवतो. लोक म्हणतात, संगणक असताना वही कशाला. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. त्या दिवशी ज्याच्याकडे पेन होते त्याचे काम चालू राहिले.

माझा स्वतःचा संगणक तेरा वर्षांचा आहे. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली तेव्हा गावातल्या एका शिकवणीने चालू अवस्थेतले सहा संगणक भंगारात काढले. मी ते वजनावर घेतले आणि त्यांवर लिनक्स टाकले. पाच चालतात. दुपारी मुले येऊन त्यांवर गुजराती आणि मराठी टाइप करायला शिकतात.

शेजारचा मुलगाही येतो. परवा तो फोन घेऊन आला. कुठलेसे पैसे भरायचे ॲप होते. ‘मान्य’ दाबण्याआधी तो अटींच्या अकराव्या कलमापर्यंत एकटा पोचला होता आणि एका इंग्रजी शब्दाला अडला होता. वाद झाला तर कोर्टात जायचे नाही, तिसऱ्या माणसाने निवाडा करायचा, आणि तोही दूरच्या शहरात, असे तिथे होते. ‘काका, आर्बिट्रेशन एटले?’ मी म्हणालो, लवाद. गुजरातीतही लवादच. त्याने तो शब्द हॅशच्या त्याच वहीत, त्या दोन ओळींच्या खाली, शिरोरेघेविना लिहून घेतला आणि बारावे कलम वाचायला लागला.