हिमवीर

सह्याद्रीच्या छायेत वाढलेल्या मनुष्यास बर्फाचा पहिला परिचय घडतो तो रसवंतीगृहात, भुशात आणि गोणपाटात लपेटलेल्या लादीच्या रूपाने. दुसरा शाळेच्या फाटकाबाहेर, काडीवर थापलेल्या आणि कालाखट्ट्यात बुडविलेल्या गोळ्याच्या रूपाने. आणि तिसरा, संसार थाटल्यावर, फ्रीजच्या वरच्या खणात साचणाऱ्या व गृहिणीने उलथन्याने खरवडून काढावयाच्या त्या शुभ्र उपद्रवाच्या रूपाने. या तिन्ही प्रसंगी बर्फ मनुष्याच्या हातात असतो. चौथ्या प्रसंगी, म्हणजे घराचे कर्ज फिटून आणि मुलांची शिक्षणे मार्गी लागून पन्नाशीच्या पुढेमागे तो हिमाचलात जातो तेव्हा, मनुष्य बर्फाच्या हातात असतो. आणि हा फरक ध्यानात येण्यापूर्वीच ज्याने आपल्या पायांना दोन लांबलचक पट्ट्या बांधून घेतलेल्या असतात, त्या गृहस्थास मी हिमवीर म्हणतो.

सामान्य सहलकऱ्यापासून हिमवीर वेगळा काढला पाहिजे. सहलकरी बर्फात लोळतो, आप्तेष्टांवर गोळे फेकतो, याकवर बसून फोटो काढून घेतो आणि मॅगी खाऊन परततो. बर्फाविषयी त्याच्या मनात कसलीही महत्त्वाकांक्षा नसते. हिमवीराचा पिंड निराळा. चौकशी केल्यावाचून, दोन ठिकाणचे भाव काढल्यावाचून आणि पावती घेतल्यावाचून ज्याने आयुष्यात एकही व्यवहार केलेला नाही अशा या सद्गृहस्थास एका विशिष्ट वयात अकस्मात असे वाटू लागते, की आपल्या हातून एखादे तरी साहस घडावयास हवे. मात्र ते रीतसर घडावे.

या जातीचा जो नमुना मला अगदी जवळून अवलोकन करावयास मिळाला, तो डोंबिवलीच्या आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हयात महसूल खात्यात गेलेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे सारी इमारत त्यांना भाऊसाहेब म्हणते. मनालीची सहल ठरल्यापासून निघेपर्यंत जे तीन महिने गेले, त्यांत त्यांनी स्कीइंग या विषयाची स्वतंत्र फाइल उघडली होती. 'स्की' हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतला असून त्याचा अर्थ फाडलेले लाकूड, म्हणजे आपल्याकडची ढलपी, असा होतो. नॉर्वेतील मोर्गेदाल गावचा सोन्द्रे नूरहाइम हा गृहस्थ १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पायी पट्ट्या लावून राजधानीच्या शर्यतीला गेला आणि ती जिंकून आला, इत्यादी माहिती ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. नूरहाइमच्या वयावर त्यांचा विशेष भर असे. पायांत लोकरी मोजे चढवून दिवाणखान्याच्या गुळगुळीत फरशीवर त्यांनी काही दिवस तालीमही केली. ती टीपॉयच्या काचेपाशी थांबली, आणि त्या काचेचा खर्च वहिनींनी सहलीच्या खात्यात मांडला.

फेब्रुवारीत आम्ही मनालीस पोहोचलो. २०२० साली रोहतांगच्या पोटातून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून तेथील गाडीवाला प्रवाशाला सोलंग दाखविण्यास फारसा उत्सुक नसतो. बोगद्यापलीकडे सिस्सूला चला, असा त्याचा आग्रह असतो. परंतु भाऊसाहेबांच्या फाइलीत सोलंग होते. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, सुमारे साडेआठ हजार फुटांच्या उंचीवर असलेले हे खोरे नवशिक्याला योग्य, असा शेरा त्यांनी आधीच मारून ठेवला होता. आदल्या रात्री हिमवृष्टी झाल्यामुळे नेहरू कुंडापाशी आमची गाडी अडविण्यात आली आणि चारही चाकांना जोर असलेली दुसरी गाडी करावी लागली, याचाही त्यांना खेद झाला नाही. साहसाला प्रारंभ झाला, असे त्यांनी घड्याळाकडे पाहून जाहीर केले.

या रस्त्याच्या कडेला हिमवस्त्रे भाड्याने देणाऱ्या दुकानांची जी रांग आहे, तिच्यात प्रत्येक दुकानाला क्रमांक असतो, आणि गाडीवान ठरलेल्या क्रमांकापाशीच गाडी थांबवितो. तेथे लहानथोर, स्थूलकृश, साऱ्यांना एकाच मापाच्या वाटणाऱ्या भडक रंगाच्या अंगरख्यांत कोंबले जाते, पायांत गमबूट चढविले जातात, आणि पाच मिनिटांत बँकेचा मॅनेजर, संस्कृतचा प्राध्यापक आणि नवविवाहित वर यांच्यांत कोणताही भेद उरत नाही. इतर लोक हे दिव्य मुकाट्याने पार पाडतात. भाऊसाहेबांनी आपल्या पोशाखाचा पंचनामा केला. साखळी अर्धी निकामी. डाव्या गुडघ्यास ठिगळ. उजव्या खिशात, पूर्वीच्या कुळाने मागे ठेवलेली जंगम मालमत्ता, म्हणजे मूठभर शेंगांची टरफले. हा सर्व तपशील कागदावर उतरवून त्यांनी दुकानदारापुढे सहीसाठी धरला. मराठीचे अक्षरही न येणाऱ्या त्या भल्या मनुष्याने तो उलटसुलट पाहिला, आणि हा बहुधा पुढच्या प्रवासाचा परवाना असावा अशा समजुतीने खाली आपले नाव लिहून दिले.

सोलंगचा उतार गाडीतून पाहताना फसवा दिसतो. गच्चीवरचे पाणी वाहून जावे म्हणून गवंडी जितका ढाळ देतो त्याहून तो फार अधिक नसावा, असे भाऊसाहेबांचे प्रथमदर्शनी मत पडले. वर देवदारांची काळसर रांग, तिच्यामागे आकाशात घुसलेली शिखरे, आणि खाली पायथ्याशी भरलेली जत्रा: टोपलीत गुबगुबीत अंगोरा ससे घेऊन फिरणाऱ्या बाया, केशराच्या डब्या विकणारे, टायरच्या ट्यूबवर बसून किंचाळत घसरणारी कुटुंबे. एका बाजूस मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे विद्यार्थी शिस्तीने एकामागून एक उतरत होते. ही संस्था १९६१ साली स्थापन झाली, आज ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यातील स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम चौदा दिवसांचा असतो, हे भाऊसाहेबांना ठाऊक होते. त्या चौदा दिवसांचे सार एका तासात मिळण्याची काही तजवीज आहे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि भाड्याच्या पट्ट्या खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाच्या शोधात उभ्या असलेल्या विशीतल्या एका कुल्लवी पोराने "हो जाएगा, अंकल जी" असे म्हणून तो तात्काळ निकालात काढला.

गमबूट उतरवून स्कीचे बूट चढविणे हे पहिले प्रकरण. हे बूट कठीण प्लॅस्टिकचे असतात, नडगीपर्यंत येतात आणि त्यांत घोटा म्हणून वाकत नाही. त्यामुळे सपाट जमिनीवरदेखील भाऊसाहेब नुकतीच नाल ठोकलेल्या बैलाप्रमाणे दर पावलाला विचार करून चालू लागले. मग बुटाचे टोक पट्टीवरच्या खोबणीत घालून टाच दाबावयाची, की खट् असा आवाज होऊन पाय अडकतो. भाऊसाहेबांचा आवाज होईना. पाव तासाच्या झटापटीनंतर त्या पोराने बुटाच्या तळाला चिकटलेले बर्फ काठीने खरवडून काढले, तेव्हा एकदाचा खट् झाला. पुढे पडल्यावर हीच अडकण आपोआप सुटून पाय मोकळा होतो, कारण ती सुटली नाही तर गुडघा सुटेल. परंतु भाऊसाहेबांनी पहिल्याच पतनानंतर "माल निकृष्ट आहे" असा आक्षेप नोंदविला.

ते पहिले पतन मात्र अविस्मरणीय होते. उभे राहताना पट्ट्या उताराला आडव्या ठेवावयाच्या, ही या शास्त्रातली बाराखडी. आणि ती सांगितली जात असताना भाऊसाहेबांच्या पट्ट्या सरळ दरीकडे तोंड करून होत्या. शिक्षकाला मध्येच थांबवून त्यांनी एक शंका काढली. "पण मला असं विचारायचंय, की जर समजा" इतके बोलून होते न होते तोच ते निघाले. वेग काही नव्हता. देवळातील पालखी निघावी तसे ते धीम्या गतीने, काठ्या दोन्ही बाजूंस उचललेल्या, मुद्रेवर शंकेचा भाव कायम, असे निघाले, एका गुजराती कुटुंबाच्या फोटोच्या मधून पार झाले, सशाच्या बाईने वेळीच टोपली उचलली म्हणून ससा बचावला, आणि मॅगीच्या टपरीमागे रचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात अदृश्य झाले. शंकेचा उत्तरार्ध आम्हाला तेथून ऐकू आला.

यानंतर थांबण्याची विद्या. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणावयाची, मागची फाकवावयाची, आणि आतल्या कडा बर्फात रुतवावयाच्या. नांगराच्या फाळासारखी ही आकृती झाली, की वेग मंदावतो. "आगे से जोड़ो, पीछे से खोलो," असे तो पोरगा ओरडत होता. आणि भाऊसाहेब, ज्यांनी उभ्या हयातीत कागद पुढून खोलून मागून जोडले, ते नेमके उलट करीत होते. परंतु खरे वितुष्ट आले ते झुकण्यावरून. "आगे झुको, अंकल जी, घाटी की तरफ!" ही आज्ञा ऐकताच भाऊसाहेब ताठ झाले. तोल म्हणजे काय हे आपणांस शिकविण्याचे कारण नाही, डोंबिवलीहून ठाण्याला सकाळच्या लोकलने आपण अठ्ठावीस वर्षे दारात उभे राहून गेलो आहोत, आणि तेथे पुढे झुकणारा माणूस पारसिकच्या बोगद्यापर्यंतही पोहोचत नाही, असे त्यांनी हिंदी, मराठी आणि हातवारे यांच्या साह्याने निवेदन केले.

येथे मला त्यांची बाजू घेतल्यावाचून राहवत नाही. खोल पाणी दिसले तर मागे सर, शेअर बाजार दिसला तर मागे सर, साहेबाचा आवाज चढला तर खुर्चीत मागे रेल: ज्या वर्गाचा सारा योगक्षेम मागे सरण्यावर चालत आला, त्यातील मनुष्यास समोर पांढरी दरी दाखवून "छाती तिकडे कर" असे सांगणे म्हणजे त्याच्या आजोबा-पणजोबांच्या संचिताविरुद्ध निकाल देणे होय. पण स्की मोठी कृतघ्न वस्तू आहे. जो तिच्यावर मागे रेलतो त्याचा भार शेपटाकडे जातो, टोके हलकी होतात, आणि मग ती कोणाचेच ऐकत नाही. जो दरीच्या अंगावर झुकतो त्याच्याच हाती ती राहते. भाऊसाहेब सावधपणाने मागे रेलत, आणि त्या सावधपणाच्या प्रमाणात वेगाने जात.

पडण्याहून उठणे कठीण. पट्ट्या खालच्या अंगास, उताराला आडव्या आणून मग उठावे, हे कळेपर्यंत ते दर वेळी अर्धे उठत आणि पुन्हा मार्गस्थ होत. त्याच सुमारास पाच-सहा वर्षांची एक स्थानिक मुलगी, हातात काठ्याही न घेता, नाक पुशीत त्यांच्या बाजूने सुळ्ळकन निघून गेली. त्यांचे तोंड उतरलेले पाहून शिक्षकाने सांत्वनासाठी सांगितले, की पलीकडच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविले, स्कीइंगमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक ते. भाऊसाहेबांनी गंभीरपणे विचारले, की पहिल्या दिवशी ती किती वेळा पडली असेल. पोरगा हसला. "गिना नहीं, अंकल जी. यहाँ कोई गिनता नहीं." हे उत्तर त्यांना बेजबाबदारपणाचे वाटले, स्वतःच्या पतनांचा आकडा त्यांनी सतरापर्यंत चोख ठेवला होता.

मीही त्या दिवशी पट्ट्या लावल्या होत्या. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. अकराव्या मिनिटाला त्या परत करून मी टपरीच्या बाकावर आलो आणि पुढचा इतिहास तेथून पाहिला. वहिनी मुलीला घेऊन अंजनी महादेवाला गेल्या होत्या. हिवाळ्यात तेथे झऱ्याचे पाणी गोठून बर्फाचे शिवलिंग तयार होते, आणि शेवटचा टप्पा पुष्कळ भाविक अनवाणी चालतात. वहिनीही अनवाणी गेल्या आणि एकदाही न घसरता परत आल्या, हे त्यांनी पुढे कित्येक दिवस कोणी विचारले नसताही सांगितले.

आणि मग, ऊन शिखरांवरून उतरू लागले असता, ठरलेला तास केव्हाच उलटून गेला असता, शिक्षकही नव्या गिऱ्हाइकाकडे वळला असता, ती घटना घडली. भाऊसाहेब एकटेच आडव्या पावलांनी थोडे वर चढले, वळले, आणि बहुधा थकव्यामुळे, मागे रेलण्याचे त्राण न उरल्यामुळे, किंचित पुढे झुकले. ते खाली आले. टोके जुळली, शेपटे फाकली, आणि ते स्वतःच्या इच्छेने, स्वतः ठरविलेल्या जागी, उभ्याने थांबले. निदान ते तसे सांगतात. वहिनी महादेवापाशी होत्या, मोबाइलची बॅटरी थंडीने मान टाकून बसली होती, आणि मी त्या नेमक्या क्षणी मॅगीतला वाटाणा काट्याने पकडण्यात गुंतलो होतो.

मान वर केली तो ते समोर उभे. दाढीत बर्फ, नाक तांबडे, आणि तीस वर्षांच्या शेजारात मी कधी न पाहिलेला असा चेहरा.

"पाहिलंत ना?"

"पाहिलं," मी म्हणालो.

तेव्हापासून मी या प्रकरणातला एकमेव साक्षीदार आहे. त्या दिवशी सायंकाळी ते अंतर पंधरा पावले होते. पाडव्याला, श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर, पन्नास फूट झाले. आणि गणेशोत्सवात, इमारतीच्या साऱ्या मंडळींसमक्ष, ते दोनशे फुटांवर गेले व त्याला डावीकडचे एक वळणही जोडले गेले. "विचारा यांना," म्हणून भाऊसाहेबांनी माझ्याकडे बोट केले. मी मान डोलावली. आणि सरळ उतारावर मध्येच वळण कशासाठी, असे तळमजल्यावरच्या वकिलांनी विचारल्यावर वाटेत एक देवदार मी पदरचा घातला, तो भाऊसाहेबांनी कसलीही हरकत न घेता दाखल करून घेतला.